मांजर हरवलंय? आधी शेजारचा माळा बघा

मांजर रात्री जेवायला आलं नाही की बहुतेक घरांत एकच धावपळ होते. कुणीतरी गाडी काढतं, सोलापुरातल्या सात रस्त्यापर्यंत चक्कर मारतं, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून नावानं हाका देतं आणि तासाभरानं परत येऊन सांगतं की कुठेच दिसलं नाही. तोवर मांजर बहुधा चार घरं सोडून एखाद्या पत्र्याखाली अंग चोरून बसलेलं असतं. हाका त्याला ऐकू आलेल्या असतात. पण घाबरलेलं मांजर ओ देत नाही. आवाज केला की कुत्र्यांना जागा कळते, हे त्याला उपजत ठाऊक असतं. त्यामुळे मालकाचा आवाज ओळखूनही ते गप्प राहतं, कधीकधी सलग चार-पाच दिवस. शोध फसतो तो इथेच. लोक लांब शोधतात आणि उत्तराची वाट बघतात. शोधायचं असतं जवळ, आणि उत्तर येणार नाही असं धरून.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरवलेल्या 1,200 हून अधिक मांजरांची माहिती गोळा केली होती. सापडलेल्यांपैकी सुमारे 75 टक्के मांजरं निसटल्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आत मिळाली. 500 मीटर म्हणजे पायी पाच-सात मिनिटं. जी मांजरं कधीच उंबरा ओलांडत नाहीत ती त्याहून कितीतरी जवळ असतात, बऱ्याचदा त्याच इमारतीत किंवा लागून असलेल्या घरात.

कोणतं मांजर, तसा शोध

शोधाला निघण्याआधी दोन मिनिटं बसून विचार करा: आपलं मांजर कोणत्या प्रकारातलं?

घरातच वाढलेलं मांजर दार उघडं राहिल्यामुळे किंवा गॅलरीतून पडून बाहेर गेलं असेल, तर ते पहिला आडोसा मिळाला तिथेच थांबतं. ते भिंतीच्या कडेकडेनं जातं, रस्ता सहसा ओलांडत नाही. याच्यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा घरं, समोरची ओळ आणि मागचा बोळ एवढंच क्षेत्र घ्या, पण ते इंच न इंच तपासा.

रोज हिंडून येणारं मांजर वेळेवर परतलं नाही, तर प्रश्न वेगळा आहे. त्याला वाट माहीत आहे, म्हणजे काहीतरी त्याला अडवतंय. ते कुठेतरी कोंडलं गेलंय, जखमी आहे, एखाद्या बोक्यानं किंवा कुत्र्यांच्या टोळीनं त्याची नेहमीची वाट बंद केलीय, नाहीतर गाडीत बसून दुसरीकडे गेलंय. इथे शोधायच्या जागा म्हणजे कुलूपबंद गोदामं, सुट्टीत बंद असलेली घरं, शटर ओढलेली दुकानं. 'काल संध्याकाळी कोणी काय उघडलं आणि बंद केलं' हा प्रश्न गल्लीत सगळ्यांना विचारा. त्या दिवशी गावाला गेलेलं कुटुंब हा पहिला संशय.

नसबंदी न झालेला बोका भाटीच्या मागे लागला की हद्द सोडतो. थंडी सरता सरता ज्या रात्री छपरांवर बोक्यांचं रडगाणं सुरू होतं, त्या दिवसांत तो तीन-चार दिवस गायब होणं नवं नाही. तो परततो, पण फाटका कान घेऊन. तरीही चौथ्या दिवसापर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, कारण मारामारीतली जखम चिघळते.

भाटी गाभण असेल तर तिनं पिल्लांसाठी जागा निवडली असण्याची शक्यता मोठी. मांजराचे दिवस साधारण 63 ते 65 भरतात. पोट खाली उतरलं होतं, आचळं फुगली होती आणि ती एकाएकी दिसेनाशी झाली, तर अंधारी, कोरडी, माणसांची ये-जा नसलेली जागा शोधा: माळा, जुन्या गाद्यांचा ढीग, बंद खोलीतलं कपाट. सापडली तरी पहिल्याच दिवशी पिल्लं उचलून घरी आणू नका. जागा धोक्याची नसेल तर तिथेच पाणी आणि खाणं पुरवा. पिल्लांना सारखा हात लागला की ती त्यांना तोंडात धरून तिसरीकडे नेते, आणि 'सात घरं फिरवते' या म्हणण्याचा अनुभव तुम्हाला घरबसल्या येतो.

घर बदललं असेल, म्हणजे पेठेतला वाडा सोडून जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला वगैरे, तर जुन्या घरी आणि तिथल्या शेजाऱ्यांना लगेच कळवा. मांजर जुन्या जागेच्या दिशेनं निघू शकतं. नव्या घरात आणल्यावर किमान तीन आठवडे दारंखिडक्या बंद ठेवायच्या असतात. आठवड्याभरात 'रुळलं आता' म्हणून मोकळं सोडणं हे अशा वेळी मांजर हरवण्याचं सर्वात मोठं कारण.

सुरुवात आपल्याच घरापासून

हे सांगितलं की लोकांना राग येतो, पण करा. अर्धा तास घर उपसा. दिवाणाचा खालचा कप्पा, कपाटातली सर्वात वरची फळी, फ्रिजच्या मागची उबदार जागा, वॉशिंग मशीनचा ड्रम, कूलरची मागची बाजू, गुंडाळून ठेवलेल्या गाद्या आणि चादरी. ओढायचे खण पूर्ण बाहेर काढून मागे बघा. मांजर खणाच्या मागून वर चढून बसतं.

सोलापुरात आणखी एक जागा आहे जी विसरून चालत नाही: पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी हौद, पिंपं, जमिनीखालच्या टाक्या आणि गच्चीवरच्या टाक्या असतात, आणि त्यातल्या निम्म्यांची झाकणं तुटकी. उन्हाळ्यात तहानलेलं मांजर काठावरून वाकतं आणि आत पडतं. प्लास्टिकच्या टाकीची भिंत गुळगुळीत असते, नखं लागत नाहीत. म्हणून स्वतःच्या आणि शेजारच्या प्रत्येक टाकीत टॉर्च मारा, आजच. मांजर जिवंत असेल तर जुनी जाड चादर किंवा पोतं एका टोकाला बांधून आत सोडा. ते नखं रोवून वर येतं. खोल हौदात किंवा विहिरीत स्वतः उतरू नका, 101 वर अग्निशमन दलाला फोन करा.

माळे, बोळ, कारखाने

घर संपलं की शेजार. इथे सर्वात महत्त्वाचा नियम: 'आमचं मांजर दिसलं का?' एवढं विचारून परत फिरायचं नाही. 'नाही' हे उत्तर खरंच असतं, कारण त्यांनी माळ्यावर बघितलेलंच नसतं. विनंती वेगळी करा: 'काकू, पाच मिनिटं तुमच्या माळ्यावर टॉर्च मारून बघू द्या की.' सहसा कुणी नाही म्हणत नाही. पूर्व भागात, दाजी पेठ, अशोक चौक या बाजूला, घरात तेलुगू बोलणारी मंडळी असतील तर सोबत एखादा तेलुगू येणारा मुलगा न्या. अण्णा-अक्का म्हणून त्यानं दोन वाक्यं बोलली की दार लवकर उघडतं.

पेठांमधल्या जुन्या वस्तीत दोन घरांच्या भिंतींमधली वीतभर फट, पडक्या वाड्याच्या खोल्या, लाकडी जिन्याखालची जागा आणि पत्र्याच्या छपराखालचा पोकळ भाग या चार जागा आधी बघा. फटीत माणूस शिरत नाही. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून, टॉर्च लावून तो काठीला बांधा आणि आत सरकवा, मग बाहेर काढून बघा. अपार्टमेंटमध्ये क्रम उलटा: गॅलरीतून पडलेलं मांजर खालीच असतं. पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॉनेटखाली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, पाइपांच्या डक्टमध्ये, जिन्याखालच्या भंगारात. दार उघडं राहून निसटलेलं मात्र वरच्या दिशेनं पळण्याची शक्यता जास्त, म्हणून गच्ची आणि लिफ्टची खोली. विजापूर रोड, होटगी रोडकडच्या बंगल्यांच्या भागात बांधकामाचे साइट, फरशांचे ढीग, गटारावरच्या फरशीखालची पोकळी आणि रस्त्याखालचे पाइप. रिकाम्या प्लॉटवरच्या काटेरी बाभळीत मांजर सुरक्षित असतं, कारण कुत्रं आत शिरत नाही. तिथे वाकून, जमिनीलगत प्रकाश टाकून बघा.

यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर कारखाना हा स्वतंत्र विषय आहे. माग चालू असताना त्या खडखडाटात मांजर आत असलं तरी ना दिसतं ना ऐकू येतं. पण सुताची पोती, कोनांच्या पेट्या, चिंध्यांचा ढीग, तयार टॉवेलचे गठ्ठे या इतक्या मऊ आणि उबदार जागा दुसऱ्या कुठल्या वस्तीत नसतात. माग बंद होण्याची वेळ विचारून घ्या: जेवणाची सुट्टी, पाळी बदलताना, साप्ताहिक सुट्टी, किंवा सरळ लाइट गेल्यावर. मालकाला किंवा जॉबरला (मागांची देखभाल करणाऱ्याला) आधी सांगा आणि कामगारांना फोटो दाखवा. मशीनखाली काय शिरतं ते त्यांनाच पहिलं दिसतं. माग चालू असताना मांजराच्या मागे हात घालू नका, पट्ट्यात आणि दांड्यात सापडण्याचा धोका मांजराइतकाच तुम्हालाही आहे. आणखी एक गोष्ट विचारा: काल-परवा माल कुठे गेला? चादरींच्या गठ्ठ्यांत झोपलेलं मांजर टेम्पोत बसून एमआयडीसीत किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोहोचतं. रोजच्या हिंडत्या मांजराचा जवळपास पत्ताच लागत नसेल तर टेम्पोवाला, भाजीची गाडी, रिक्षाची मागची जागा हे दुवे तपासायलाच हवेत.

रात्रीची फेरी

दिवसा केलेल्या पाच फेऱ्यांपेक्षा रात्री अकरानंतरची एक फेरी जास्त कामाची. रस्ता थंडावतो, कुत्री एका जागी बसतात, आणि लपलेलं मांजर खायला-प्यायला बाहेर पडतं. अकरा ते चार ही वेळ धरा. शक्य असेल तर पहाटे, दूधवाले निघण्याआधी.

टॉर्च डोळ्यांच्या पातळीला, कपाळाच्या बाजूला धरा. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चनं डोळे चमकलेले तुम्हाला दिसत नाहीत. मांजराच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा पडदा असतो. प्रकाश ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परततो, म्हणून तुमची नजर त्या रेषेत असावी लागते. प्रकाश हळूहळू सरकवा, गाड्यांखालून, पत्र्यांच्या कडेनं, झाडांच्या फांद्यांवरून. हिरवट-सोनेरी दोन ठिपके दिसले की थांबा. ते ठिपके जमिनीपासून वीतभर असतील तर मांजर असण्याची शक्यता; गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील तर कुत्रं.

दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, लहान मुलांचा घोळका तर मुळीच नको. सोबत टॉवेल, झाकणाची वेताची टोपली किंवा मांजराची पेटी, आणि थोडं खाणं. हाक मारायचीच असेल तर मोठ्यानं नको; घरात ज्या आवाजावर ते धावत येतं तो आवाज करा. बिस्किटांचा डबा हलवणं, वाटीवर चमचा वाजवणं, दुधाची पिशवी कापताना होणारा आवाज. एका जागी बसा, दोनदा आवाज करा, मग पाच मिनिटं गप्प राहून ऐका. मांजर ओ देईल ती बहुधा एकदाच, आणि अगदी बारीक.

हो, आणि जाण्याआधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, वॉचमनला सांगा. मध्यरात्री दुसऱ्याच्या पत्र्यावर टॉर्च मारणारा माणूस मांजर शोधतोय असं कुणाच्या पहिल्यांदा मनात येत नाही.

खाणं, वास आणि रांगोळी

दारात दिवसभर भरलेली ताटली ठेवण्याचा उपयोग कमी, तोटा जास्त. गल्लीतली कुत्री, घुशी आणि परके बोके आधी येतात, आणि आपलं घाबरलेलं मांजर त्यांना बघून आणखी लांब सरकतं. रात्री दोन-तीन चमचे खाणं, उंचावर, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर किंवा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवा आणि सकाळी उचलून टाका. वास तीव्र हवा. मूठभर सुकट कोरड्या तव्यावर तीन-चार मिनिटं भाजा. खिडकी उघडी ठेवून भाजली तर अख्ख्या गल्लीला कळतं. खायला घालताना तीच सुकट पाण्यात धुऊन खारटपणा काढून द्या. कोंबडीची उकडलेली कलेजीही चालते. काही झालं तरी घरच्या रश्श्यातला तुकडा नको. कांदा आणि लसूण मांजराला विषारी असतात.

पाणी मात्र दिवसरात्र ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखाली अडकलेल्या मांजराला भुकेआधी तहान मारते. सावलीत, जड मातीच्या भांड्यात, दोन-तीन ठिकाणी.

मांजर ज्या चादरीवर झोपायचं ती न धुता दाराबाहेर किंवा ते निसटलं त्या खिडकीखाली ठेवा. घरातल्या माणसाचा घामाचा सदराही चालतो. मांजराच्या शौचाच्या ट्रेमधली माती बाहेर पसरा, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. ज्या वस्तीत दहा-बारा मोकाट बोके हिंडतात तिथे तो वास त्यांना आव्हान वाटतो, ते येऊन मुतून जातात आणि तुमचं मांजर परतायची वाट सोडतं.

खाणं कोण खातंय हे कळण्यासाठी कॅमेरा असेल तर उत्तम. जुना मोबाइल खिडकीत ठेवूनही काम होतं. तेही नसेल तर ताटलीभोवती दीड हातभर जागेत बारीक पांढरी रांगोळी पातळ चाळून ठेवा. मांजराच्या पावलाचा ठसा गोल, चार बोटांचा आणि नखांच्या खुणा नसलेला असतो; कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके दिसतात. घुशीचा ठसा छोटा, लांबट बोटांचा, आणि मागे शेपटीची रेघ. ठसा मांजराचा आला तरी तो तुमच्याच मांजराचा असेल असं नाही, पण कुठल्या वेळी आणि कुठल्या बाजूनं येतंय ते कळतं, आणि पुढची पायरी तिथेच लावता येते.

रात्री दार बोटभर उघडं ठेवायचं असेल तर आतला दिवा बंद करा आणि कुणीतरी जागं राहा. कितीतरी मांजरं पहाटे तीनच्या सुमारास उंबऱ्यापर्यंत येतात, आणि दार बंद बघून परत जातात.

दिसलं, पण जवळ येत नाही

इथे सर्वात जास्त हाता-तोंडाशी आलेले घास जातात. मांजर दिसलं की माणूस आनंदानं धावतो आणि ते पळतं. बाहेर दोन रात्री काढलेलं मांजर मालकालाही ओळखत नसल्यासारखं वागतं. त्याच्या लेखी तुम्ही त्या क्षणी फक्त अंगावर येणारं काहीतरी मोठं असता.

जिथे आहात तिथे खाली बसा. तोंड त्याच्याकडे नको, खांदा त्याच्याकडे असू द्या. डोळ्यांत रोखून बघू नका. बघितलंच तर पापण्या सावकाश मिटून उघडा. खाण्याचा छोटा तुकडा त्याच्यापासून दोन हात अलीकडे हळूच टाका, मग पुढचा स्वतःच्या जवळ. याला वीस मिनिटं लागतील, कधी तासही. ते पायाला अंग घासू लागलं तरी लगेच उचलू नका. आधी मानेखाली खाजवा, मग एका हातानं मानेमागची कातडी घट्ट धरून दुसऱ्या हातानं टॉवेलसकट मागचं अंग उचला आणि थेट पेटीत. उघड्या हातांवर धरून रस्त्यानं चालत आणायचं धाडस करू नका. एक मोटारसायकल हॉर्न देऊन गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

झाडावर अडकलं असेल, चिंचेवर किंवा कडुनिंबावर, आणि खाली कुत्री नसतील, तर एक रात्र थांबायला हरकत नाही. खोडाशी सुकट ठेवा, माणसं हटवा. चोवीस तासांनंतरही उतरलं नाही किंवा ऊन कडक असेल तर शिडी आणि अग्निशमन दल.

पिंजरा कधी आणि कसा

माग लागला आहे, ठसे येताहेत, पण हात लावू देत नाही, अशा वेळी पिंजरा. उंदराचा नाही. लांबी किमान 75 ते 90 सेंटिमीटर, रुंदी आणि उंची 30 च्या आसपास, मधोमध पाय पडला की दार पडणारी पट्टी. तयार मिळाला नाही तर जाळीचं काम करणारा वेल्डर मापावर करून देतो. जाळीची भोकं इंचापेक्षा मोठी नकोत, नाहीतर पंजा अडकतो, आणि कापलेल्या तारांची टोकं आत राहू देऊ नका.

खाणं पट्टीच्या पलीकडे, अगदी शेवटच्या भिंतीला लागून. पट्टीच्या अलीकडे ठेवलं तर मांजर मान लांब करून खाऊन जातं. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला. पायाला जाळी टोचली की बरीच मांजरं मागे फिरतात. पहिली एक-दोन रात्र दार बांधून उघडं ठेवा आणि नुसतं खाऊ द्या, मग सापळा लावा. तीन बाजू जुन्या टॉवेलनं झाका.

पिंजरा लावला की दर अर्ध्या तासानं बघायला जायचंच. रात्रभर लावून झोपणं हा क्रूरपणा आहे: अडकलेलं मांजर जाळीवर तोंड आपटून दात मोडून घेतं, आणि कुत्री भोवती जमली तर भीतीनं मरूही शकतं. दुपारी उन्हात तर लावायचाच नाही. दुसरंच मांजर अडकलं तर सोडून द्या, पिंजरा पाण्यानं पुसा, पुन्हा लावा.

पोस्टर, फोन आणि फसवणूक

पोस्टर पहिल्याच दिवशी. मोठा, समोरून काढलेला एकच फोटो, रंग, शेपटीचं टोक किंवा पंजाची खूण, कुठून आणि कधी निसटलं, आणि फोन नंबर लांबून वाचता येईल एवढा मोठा. खाली एक ओळ: 'पकडू नका, लगेच फोन करा.' पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट रोडकडे कन्नड आणि ज्या मोहल्ल्यात उर्दू वाचतात तिथे उर्दू ओळ घाला. मजकूर जाणकाराकडून लिहून घ्या. चुकीचा मजकूर लोक हसून सोडून देतात.

लावायच्या जागा निवडक असाव्यात: चिकन-मटणाचं दुकान (मोकाट मांजरं तिथे जमतात, दुकानदाराला प्रत्येक नवं तोंड माहीत असतं), दूध डेअरी, किराणा, मेडिकल, सोसायटीचं गेट. घंटागाडीवाल्यांना आणि झाडूवाल्या मावशींना फोटो दाखवा. सकाळी सर्वात आधी रस्ता त्याच बघतात, आणि वाईट बातमी असेल तर तीही त्यांच्याकडूनच खरी कळते. पेपर टाकणारी पोरं, रात्री एटीएमवर बसणारा वॉचमन, पाणी सोडणारा कर्मचारी हेही तसेच.

एक खूण पोस्टरवर लिहू नका, फोटोतही दाखवू नका: पोटावरचा डाग, तुटका सुळा, काहीही. फोन आला की ती विचारा. 'मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार पाठवा' असे फोन येतात. बक्षिसाचा आकडा छापला तर जास्तच येतात. व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, दिवाळीत आणि डीजे लावलेल्या मिरवणुकांच्या काळात हिशोब थोडा बदलतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचं शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री, आवाज संपल्यानंतरही मांजर एक-दोन रात्री जागचं हलत नाही. गर्दीत शोधू नका. आवाज थांबल्यावर, पहाटे, सर्वात जवळच्या आडोशापासून सुरू करा. ज्यांचं मांजर हरवलेलं नाही त्यांनी त्या दिवशी दुपारपासूनच ते एका खोलीत बंद करावं.

किती दिवस शोधायचं? वर सांगितलेल्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत मिळाली, आणि 90 दिवसांनंतर मिळालेली फारच थोडी. म्हणजे पहिला आठवडा झोपमोड करून, मग तीन महिने नेमानं: आठवड्यातून दोन रात्री फेरी, पावसानं फाटलेली पोस्टरं बदलणं, दुकानदारांना पुन्हा आठवण.

घरी आल्यावर

लगेच ताट भरून वाढू नका. पाणी आधी, मग दोन चमचे मऊ खाणं, पुन्हा तीन-चार तासांनी तेवढंच. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. घरी आल्यावर चोवीस तासांत ते नीट खात नसेल, किंवा डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या पिवळट दिसत असतील तर त्याच दिवशी पशुवैद्य.

अंगावरून दाबून हात फिरवा. चावल्याची जखम वरून ठिपक्याएवढी असते आणि दोन-तीन दिवसांनी आत पू होऊन गाठ येते. जिथे हात लावल्यावर ते दचकतं ती जागा लक्षात ठेवा. नखं झिजलेली, फाटलेली असतील तर गाडीचा धक्का लागला असेल किंवा ते उंचावरून पडलं असेल. तोंड वाकडं मिटत असेल तर जबडा तपासून घ्या. वेदना होतात म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी देऊ नका. चतकोर गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

पकडताना तुम्हाला चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका. पाळीव आहे, लस दिलेली आहे, हे कारण इथे पुरत नाही, कारण ते बाहेर कुणाशी भांडलं हे तुम्ही बघितलेलं नाही.

घरात दुसरं मांजर असेल तर ते परतलेल्यावर फिस्कारेल. त्याच्या अंगाला आता घराचा वास नाही, म्हणून ते परकं. दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांच्या चादरी अदलाबदल करा, मग दाराच्या फटीतून भेट. त्या दोन दिवसांतच ते कुठून निसटलं ती जागा बंद करा: गॅलरीला जाळी, टाकीला झाकण. गळ्यात ताणलं की सुटणारा पट्टा आणि त्यावर मोबाइल नंबर घाला. न सुटणारा पट्टा पत्र्याच्या कडेला अडकून फास होतो. बोका असेल तर जखमा भरल्यावर नसबंदीची तारीख पशुवैद्याकडून ठरवून घ्या.